"अख्खं बुड सोलू नका" या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग कळला आणि तो रास्त पण आहे, बोट तुमची, हप्ते तुमचे आणि मी मात्र "थांबा, घाई नको" म्हणतोय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, दादांची फायबरची टुरिस्ट बोट देवबागला कर्लीच्या मुखाजवळ सीझनभर पाण्यातच असते, यंदा पावसाळ्यापुरती शाकारायला (झाकून ठेवायला) वर काढली तर बुडाला रुपयाएवढे फोड दिसले, यार्डवाला म्हणतोय की सगळा जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर) सोलू आणि बोट रिकामीच आहे तर जुलैतच उरकून टाकू. दादांचे आक्षेप तीन. लहान फोड तसेच राहू द्या म्हणणं बेजबाबदार आहे. फायबर खारं पाणी खातं, हे पोराटोरांना माहीत असताना मी पावसाच्या पाण्याचं काहीतरी नवीनच काढलंय. आणि दुरुस्तीला इपॉक्सीचा आग्रह म्हणजे दुकानदारी, पॉलिएस्टरच्या बोटीला पॉलिएस्टरच लावायचं. (दोन्ही रेझिनचेच प्रकार, रेझिन म्हणजे काचेच्या धाग्यांना धरून ठेवणारा, हार्डनर घातला की कडक होणारा माल.)

दुकानदारीचं आधी संपवतो, मी काहीच विकत नाही, कुठल्या डब्यावर कमिशन नाही. झालं.

आता खारं पाणी. जेलकोट चकचकीत दिसतो म्हणून आपण धरून चालतो की त्यातून पाणी जात नाही, पण अर्धा-पाऊण मिलीमीटरचा तो थर, त्यातून पाणी अगदी हळूहळू का होईना आत झिरपतंच, चांगल्यातल्या चांगल्या बोटीत सुद्धा. नुसतं पाणी आत गेल्याने फोड येत नाही. आत विरघळण्यासारखं काहीतरी असावं लागतं, म्हणजे रेझिन नीट पिकलं (पूर्ण कडक झालं) नाही तर त्यातले उरलेले ग्लायकॉल आणि आम्लं, मॅटमधले (काचेच्या तुकडे धाग्यांच्या चादरीतले) धागे चिकटवायला वापरलेला बाइंडर, हार्डनरचा उरलासुरला अंश. पाणी त्यात मिसळतं, घट्टसर द्रव तयार होतो आणि तो द्रव बाहेरचं आणखी पाणी ओढायला लागतो, मनुका पाण्यात टाकली की फुगते तसंच. बाहेरचं पाणी जितकं गोडं तितकी ही ओढ जास्त, खारं असेल तर ओढ कमी. त्यामुळे एकाच साच्यातून काढलेल्या दोन बोटी घ्या, एक समुद्रात ठेवा आणि एक धरणात, फोड आधी धरणातलीला येण्याचीच शक्यता जास्त. 1987 साली ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या थॉमस रॉकेट आणि व्हिन्सेंट रोझ यांनी अमेरिकन कोस्टगार्डसाठी फोडांच्या कारणांवर अभ्यास केला होता, त्यातही रोख रेझिनमधल्या विरघळणाऱ्या पदार्थांवरच आहे. मीठ फायबर खात नाही हो, मीठ तुमच्या इंजिनाचे नट-बोल्ट खातं.

आणि पावसाच्या पाण्याबद्दल तुम्ही हसलात, पण मला जास्त काळजी तुमच्या बोटीच्या आतल्या बाजूची आहे. बाहेरून निदान जेलकोट तरी असतो, आतून बऱ्याच बोटींना नुसता रंगाचा हात असतो किंवा तोही नाही. आपल्याकडे बोट वर काढतात, ताडपत्री टाकतात, ताडपत्रीला मध्ये झोळ पडतो, जुलैच्या एखाद्या वाऱ्यात ती फाटते आणि बुडात घोटाभर पाणी साचतं ते कोणी उपसतच नाही, पार गणपतीपर्यंत. म्हणजे सगळ्यात गोडं पाणी, सगळ्यात उघड्या बाजूला, सलग महिने-दोन महिने. नाळेची (पुढची) बाजू उंच ठेवा, मागचा ड्रेन प्लग काढून ठेवा, एवढंच मी लिहिलं होतं, त्याला दमडीचा खर्च नाही.

एक गोष्ट तुम्हीच बघा. मासेमारीच्या छोट्या फायबर होड्या ज्या रोज वाळूवर ओढून ठेवतात, त्यांच्या बुडाला घासून घासून काच दिसायला लागलेली असते पण फोड क्वचित. कारण त्या रोज सुकतात. फोड येतात ते नांगरून ठेवलेल्या, सतत ओल्या बोटींना.

आता मुख्य भांडण, जुलैत सोलायचं का.

दादा, फोड दुरुस्त करण्यात ग्राइंडर चालवायचं काम म्हटलं तर सोपं, पुटी भरायचं काम त्याहून सोपं, खरं काम आहे सुकवण्याचं आणि त्याचे फोटो कोणी टाकत नाही कारण त्यात दिसण्यासारखं काहीच नसतं. त्यात पुन्हा गंमत अशी की आतला तो द्रव नुसता उन्हात ठेवून जात नाही. पाणी उडून जातं, ग्लायकॉल मागेच राहतं, आणि ग्लायकॉल स्वतःच हवेतला ओलावा ओढतं. म्हणजे तुम्ही फोड उघडला, दोन दिवस ठेवला, हाताला कोरडा लागला म्हणून पुटी भरली आणि वरून भारीतला रंग मारला तर आत तोच मसाला शिल्लक, पुढच्या-त्याच्या पुढच्या सीझनला तिथेच किंवा बाजूला पुन्हा फोड. मग सगळे म्हणतात इपॉक्सी खोटं निघालं. उघडल्यावर गोड्या पाण्याने जोरात धुवायचं, गरम पाणी मिळालं तर उत्तम, सुकू द्यायचं, परत धुवायचं, असं बऱ्याच वेळा, चिकटपणा आणि तो आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत.

आणि हे सगळं जुलैत? कोकणात तेव्हा हवेतच 85-90 टक्के ओलावा असतो, भिंतीवरचा चुना सुकत नाही तिथे फायबरच्या पोटातलं पाणी कुठून सुकणार. यार्डवाल्याची सोय मला कळते, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद म्हणून सगळ्या बोटी तेव्हाच वर असतात, कामगार मोकळे असतात, पण कामगार मोकळे असले म्हणून बोट सुकत नाही. शिवाय अख्खं बुड सोललं की जेलकोटबरोबर काचेचा थर पण निघतो, तो पुन्हा चढवावा लागतो, नुसता रंग मारून चालत नाही, नाहीतर बूड पातळ झालं. तुमच्या कोटेशनमध्ये नवीन थर लिहिलाय का ते बघा. प्रतिक्रियेत तुम्ही दिलेल्या यादीत तरी मला तो दिसला नाही.

लहान फोड राहू द्या म्हणालो ते याच हिशोबाने. जेलकोट आणि पहिल्या मॅटच्या मधले, विखुरलेले, रुपयाएवढे फोड असतील तर बोट त्यांनी बुडत नाही, ताकदीला फारसा धक्का लागत नाही, एक सीझन काढून कोरड्या दिवसांत नीट काम करणं हे पावसात घाईने केलेल्यापेक्षा कधीही बरं. पण काही ठिकाणी थांबायचं नाही हेही त्याच पोस्टमध्ये होतं. फोड तळहाताएवढा आहे, उघडल्यावर आत पांढरे सुटे धागे आणि ओला लगदा दिसतोय, प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलं की टणटण आवाजाच्या जागी मोठ्या पट्ट्यात बदबद येतंय, तर तो जेलकोटचा प्रश्न राहिलेला नाही, आतले थर सुटत चाललेत. तिथे सोलणं बरोबर. आऊटबोर्ड लावतो ती मागची फळी पण ठोकून बघा, आत प्लायवूड असेल आणि ते भिजलं असेल तर फोडांपेक्षा तो विषय मोठा आहे.

आधी मुळात फोडच आहे ना ते तपासा. बऱ्याचदा नुसता अँटिफाउलिंगचा (बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून मारतात तो) रंग फुगलेला असतो आणि खाली जेलकोट ठणठणीत. टोचून बघायचं, पण गॉगल लावून, आत दाब असतो आणि ते पाणी आम्लाचं असतं, सरळ डोळ्यात उडतं. बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागलं, व्हिनेगरसारखा वास आला, तर खरा फोड. मग हात धुवा.

इपॉक्सी का, तर पिकलेल्या जुन्या पॉलिएस्टरवर नवीन पॉलिएस्टर तेवढं धरत नाही, इपॉक्सी जास्त धरतं आणि त्यातून पाणीही कमी जातं. गाडीच्या डेंटिंगची पुटी तर वॉटरलाईनखाली नकोच, ती पाणी पिते. सगळं बूड सोलून नवीन थर चढवायचा असेल तर मात्र व्हिनाईल एस्टर (हे तिसरं रेझिन) चालतं, तिथे माझा हट्ट नाही. इपॉक्सीत दोन चुका आपल्याकडे हमखास होतात. एक, कामगारांना पॉलिएस्टरची सवय, ऊन बघून हार्डनर कमी-जास्त करायची, इपॉक्सीत ते चालत नाही, जे प्रमाण डब्यावर आहे तेच, लवकर सुकावं म्हणून दोन थेंब जास्त टाकले की ते कायमचं मऊ राहतं. दुसरी, इपॉक्सीबरोबर तीच नेहमीची चॉप्ड मॅट वापरतात, तिचा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून मॅट नीट भिजत नाही. विणलेलं कापड घ्या. आणि इपॉक्सीचा एक हात मारून दुसरा मारेपर्यंत वर मेणचट थर येतो, दमट हवेत तर हमखास, तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय सँडिंग करू नका, नाहीतर तो पेपरने आतच घोळला जातो.

नवीन बोट बांधून घेणाऱ्यांसाठी एवढंच, पहिल्या थराला व्हिनाईल एस्टर किंवा निदान आयसो रेझिन मागा (आयसो आणि ऑर्थो हे पॉलिएस्टरचेच दोन प्रकार), ऑर्थो स्वस्त असतं आणि फोड तिथेच जास्त येतात, मॅट पावडर बाइंडरची घ्या. मे महिन्यात रेझिन पटकन सेट होतं म्हणून कामगार हार्डनर एक टक्क्याच्याही खाली नेतात आणि माल आत कच्चा राहतो, त्यावर लक्ष ठेवा. आणि कोबाल्ट (रेझिन लवकर सेट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळू देऊ नका, भडका उडतो, हे जितक्यांदा सांगावं तितकं कमीच.

तर तुम्ही आत्ता काय करायचं. बोट शेडमध्ये घेता येत असेल तर चार-पाच फोड उघडा, जास्त नको. खोली बघा. पाणी भरपूर आहे, धुवायचं काम या दिवसांत खुशाल करा. बाकीच्यांना पेन्सिलने गोल करून तारीख घाला आणि मापं लिहून ठेवा म्हणजे वाढतायत का ते कळेल. उघडलेले बंद करायच्या आधी त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दिवसभर ठेवा, आतून वाफ धरली तर अजून ओलं आहे. शेडला प्लास्टिकचा तंबू करून आत हॅलोजन आणि पंखा लावला तर ते चार-पाच फोड सीझनआधी भरता येतील, अख्खं बूड नाही. प्लास्टिक कोरडं निघाल्याशिवाय पुटी नाही. यार्डवाल्याला विचारा की सुकलंय हे तो कशावरून ठरवणार, ओलावा मोजायचा मीटर म्हणाला तर मीटर तांबं असलेल्या अँटिफाउलिंगच्या रंगावर आणि ओल्या पृष्ठभागावर भलतंच दाखवतो, रंग काढून मग लावायला सांगा. आणि फोटो टाका, उघडलेल्या फोडाचा, शेजारी नाणं ठेवून, बंद फोडाच्या फोटोवरून मी काय कोणीच काही सांगू शकत नाही.