जाळं काढाच, पण आधी खाली बघा

ताई, नमस्कार.

घरातली जाळी काढायची घाई करू नका, आधी टॉर्च घेऊन त्यांच्याखाली काय पडलंय ते बघा, असं मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही चांगलंच खडसावलंत. "दादा, आळशीपणाला शास्त्राचा मुलामा देऊ नका. जळमटं म्हणजे घरात अवदसा. माझ्या मुलाच्या मानेवरून कोळी फिरला तर आठ दिवस फोड होते. फवारणी करून घेतली, महिनाभर एक जाळं दिसलं नाही. तुम्ही बसा टॉर्च घेऊन." हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबरच तर बोलून राहिल्या त्या." आईनंही मान हलवली. घरातलीच दोन मतं तुमच्याकडे गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक. 'जाळी काढायची घाई करू नका' असं मी सरसकट लिहून मोकळा झालो. जाळं वेगळं आणि जळमट वेगळं. जाळ्यात कोळी राहतो. जळमट म्हणजे त्यानं सोडून दिलेलं, धुळीनं काळं पडून पंख्याच्या वाऱ्यावर लोंबणारं. त्याचा कोणाला काही उपयोग नाही, एक जण सोडून.

भिंतीवर, कपाटाच्या मागे राखाडी रंगाची, चपटी, काकडीच्या बीसारखी पिशवी चिकटलेली तुम्ही नक्की पाहिली असेल. मेलेलं काहीतरी वाटतं. हात न लावता थोडा वेळ बघत बसलं की एका टोकातून बारीक डोकं बाहेर येतं आणि पिशवी ओढत भिंतीवर चालू लागतं. मागे फिरायचं असेल तर पिशवी वळवायची भानगड नाही, आतल्या आत उलटून दुसऱ्या टोकातून डोकं काढायचं. ही एका छोट्या पतंगाची अळी. वाळूचे कण, धूळ, धागे रेशमात गुंफून घर बनवते आणि पाठीवर घेऊन हिंडते. खाते काय? कोळ्याचं जुनं जाळं, गळलेले केस, मेलेले किडे, लोकर. तुमची प्रतिक्रिया वाचून आईचा पलंग सरकवला तर मागच्या भिंतीवर अशा अकरा पिशव्या आणि वर हातभर जळमटं. तेव्हा या मुद्द्यावर तुमचा झाडू जिंकला. त्याच दिवशी सगळं काढलं.

आता जिवंत जाळ्याचं. आपल्या घरात कोपऱ्याकोपऱ्यात असतो तो लांबट काड्यांच्या पायांचा कोळी. जाळ्याला काडी लावली की इतका गरगर हलतो की नीट दिसेनासाच होतो. मादी असली तर कधी कधी तोंडात मोहरीहून लहान अंड्यांचा घोस धरून बसलेली दिसते. हा जेवून झालं की टरफलं खाली टाकतो. म्हणून मी म्हणत होतो की वर झाडू फिरवण्याआधी खालची फरशी बघा. पांढरा कागद घ्या, कचरा त्यावर लोटा, उजेडात न्या.

आमच्या हॉलमध्ये कूलरच्या खिडकीशी जे जाळं होतं, त्याच्याखाली चिमूटभर काळपट भुगा होता. बहिर्गोल भिंगातून पाहिलं तर पाय. डासांचे पाय, आणि त्यांवर पांढरे पट्टे. हा डेंग्यू पसरवणारा, दिवसा चावणारा डास. तो दूरच्या नाल्यातून येत नाही, घरातल्या साठलेल्या पाण्यात होतो. नागपुरात साठलेलं पाणी म्हटलं की पहिलं नाव कूलरचं. पाऊस सुरू झाला की आपण कूलर बंद करतो, पण टाकीत बोटभर पाणी तसंच राहतं. अंड्यातून निघालेल्या अळीचा डास व्हायला ऊन-पाण्याच्या दिवसांत सात-दहा दिवस पुरतात. शिवाय मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटवून. पाणी ओतून दिलं तरी ती तिथंच राहतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरलं की फुटतात. मी दर वर्षी टाकी ओतत होतो. घासत कधीच नव्हतो. हे मला जाळ्यानं दाखवलं. जाळं आधीच झाडून टाकलं असतं तर डास तेवढेच राहिले असते, फक्त मला कळलं नसतं.

तसंच पहिल्या पावसानंतर जाळ्यात नुसते लांबट, पारदर्शक पंख अडकलेले दिसले तर वाळवी उडाली असं समजा. दिव्यावर बाहेरून आली असेल तर फार चिंता नाही. पण खिडक्या बंद असताना चौकटीच्या पायथ्याशी पंखांचा सडा पडला असेल तर चौकट ठोकून बघा. ढेकणांचं मात्र जाळ्यातून काही कळत नाही, त्यांना पंखच नाहीत. त्यासाठी गादीची शिवणच नीट निरखून बघावी लागते.

मुलाच्या फोडांबद्दल वाईट वाटलं. पण तो कोळी होता असं मला वाटत नाही. 'कोळी मुतला' असं आपल्याकडे ज्याला म्हणतात, त्यात बऱ्याचदा गुन्हेगार दुसराच असतो: मुंगीएवढा, लांबट, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा एक भुंगेरा. ओल्या मातीत, धानाच्या बांध्यांत वाढतो आणि पावसाळ्यात ट्यूबलाइटवर येतो. तो चावत नाही. मानेवर बसला, आपण झोपेत चिरडला, की त्याच्या अंगातला विषारी रस कातडीला लागतो. लगेच काही होत नाही. दुसऱ्या दिवशी आग होते, ओढल्यासारखी लाल रेघ उठते, मग फोड. रात्री चिरडलेला भुंगेरा कोणाला आठवत नाही, आणि सकाळी छतावर कोळी समोरच बसलेला असतो. हा भुंगेरा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा, चिरडला गेलाच तर जागा साबणानं धुवा. खात्री मात्र त्वचेच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या, मी काही डॉक्टर नाही.

फवारणीनं महिनाभर जाळं दिसलं नाही, हे पटतं. कोळी मेले. पण झुरळाची अंडी कडक पिशवीत असतात, औषध आत सहजी पोचत नाही, आणि डास खिडकीतून रोज नवे येतात. शिवाय स्वयंपाकघरात झुरळांसाठी जेल लावलं असेल तर त्याच्या आसपास फवारा मारू नका, वासानं झुरळं जेलच्या जवळ फिरकत नाहीत आणि दोन्हींचे पैसे वाया जातात.

अवदशेचं म्हणाल तर त्यावर वाद घालणार नाही, आईशी कधी जिंकलो नाही. एवढंच सांगतो की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या मिरवणुकीत आपण सगळं गाव मिळून ओरडतो, "ईडापीडा घेऊन जा गे मारबत!" कोणी त्यात मच्छर जोडतं, कोणी ढेकूण, कोणी महागाई. कोळ्याला घेऊन जा म्हटलेलं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

तुमच्याकडे कूलर अजून खिडकीतच असेल तर आधी टाकी आतून ब्रशनं घासून घ्या. जाळं संध्याकाळी काढलं तरी चालेल.