पहिल्या घराला आणि पाचव्या घराला सारखंच मुद्रांक शुल्क काहून?

डोकं भणभणून गेलंय, म्हणून लिहिते आहे. नागपुरात मानेवाड्याच्या एका नव्या स्कीममध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिला. तोंडी किंमत 43 लाख. कोटेशनचा कागद हाती आला तर खाली पार्किंगचे अडीच लाख आणि डेव्हलपमेंट चार्जेसचे 50 हजार. झाले 46 लाख. बरं, वाढलेले तीन लाख एकवेळ सोसले असते. पण बांधकाम चालू असलेल्या घराची किंमत पार्किंग-बिर्किंग धरून 45 लाखांच्या आत असेल तर जीएसटी 1 टक्का, आणि वर गेली की 5 टक्के. तोही वरच्या एका लाखावर नाही, पूर्ण रकमेवर! 45 लाखांवर 45 हजार, 46 लाखांवर 2 लाख 30 हजार. लाखभर किंमत वाढली म्हणून 1 लाख 85 हजार जादा कर. ही 45 लाखांची मर्यादा एप्रिल 2019 ची आहे. तेव्हापासून सळाख, रेती, मजुरी, प्लॉटचे भाव, सगळं कुठच्या कुठं गेलं. मर्यादा जागची हलली नाही.

मग राज्य सरकारचा नंबर. मुद्रांक शुल्क मूळ 5 टक्के, त्यावर 1 टक्का महापालिकेचा आणि 1 टक्का मेट्रोचा. मानेवाड्यात मेट्रो येत नाही, पण अधिभार येतो. सात टक्क्यांचे 3 लाख 22 हजार, नोंदणी फीचे 30 हजार. जीएसटी धरून 5 लाख 82 हजार नुसते सरकारला द्यायचे. मुद्रांक शुल्क बँक कर्जात धरत नाही. इमारतीचे दोनच स्लॅब पडले असले तरी करारनाम्याच्या दिवशीच ते भरावं लागतं. शिवाय 46 लाखांच्या घराला बँक 80 टक्क्यांच्या वर कर्ज देत नाही, म्हणजे 9 लाख 20 हजार आपले. सगळे मिळून 15 लाख स्वतःजवळचे पाहिजेत. दर महिन्याला घरभाडं भरणाऱ्या माणसाने हे आणायचे कुठून? आईची पाटली मोडून?

महिलांना 1 टक्का सवलत आहे, असं लगेच कोणीतरी ऐकवतं. आहे, 2021 पासून आहे. पण घर फक्त बाईच्याच नावावर असेल तर! आमचं कर्ज दोघांच्या पगारावर उभं राहणार, हप्ता दोघं भरणार. व्याजावरची आयकर सवलत दोघांना हवी असेल तर घरावर नावही दोघांचं लागतं. नवऱ्याचं नाव घातलं की 46 हजारांची सवलत गेली.

माझा खरा संताप याच्या पुढचा आहे. ज्याच्याजवळ आधीच चार फ्लॅट आहेत तो पाचवा घ्यायला आला, तरी त्याला तेच 7 टक्के. जो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दाराला कुलूप लावणार आहे, त्यालाही तेच 7 टक्के. हा कुठला न्याय आहे? पहिलं घर कोणाचं हे ओळखायचं कसं, असं म्हणतात. अहो, प्रधानमंत्री आवास योजनेत तुम्हीच ओळखता ना! देशात कुठंही पक्कं घर नाही असं लिहून घेता, कुटुंबाचे आधार क्रमांक तपासता. अनुदान नाकारायच्या वेळी जे कळतं, ते शुल्क घेताना कसं कळत नाही?

त्या योजनेचंही ऐका. सप्टेंबर 2024 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदानासाठी घर 35 लाखांपर्यंतचं, कर्ज 25 लाखांपर्यंतचं आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 9 लाखांपर्यंतच. आम्ही त्यात बसत नाही, ठीक आहे. पण जो बसतो त्याला तरी काय मिळतं? जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. त्याने बाजारातून 35 लाखांचं घर घेतलं तर मुद्रांक शुल्क 2 लाख 45 हजार, एकरकमी. दिल्ली पाच वर्षांत जेवढं देणार, त्याहून जास्त मुंबई एका दिवसात काढून घेते. याला मदत म्हणायचं?

आणि शुल्क कमी करता येत नाही असं तर मुळीच नाही. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये सरसकट 3 टक्के कमी केलं होतं, मग मार्च 2021 पर्यंत 2 टक्के कमी. बिल्डरांचे पडून असलेले फ्लॅट खपवायचे होते तेव्हा तिजोरीला परवडलं. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सूट आहे. नागपूरकराने काय पाप केलंय? मुख्यमंत्री इथले, गडकरी इथले, दर हिवाळ्यात अख्खं सरकार इथं मुक्कामाला येतं.

आता रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरायचे जागेचे सरकारी दर, वाढवलं की विरोधक दोन दिवस ओरडतात, आणि सत्तेत असताना यांनी तरी पहिल्या घरासाठी वेगळा दर कुठं आणला होता? 2021 मध्ये मंत्रालयात तेच होते. मला दोन्ही बाजूंकडून एकच गोष्ट लेखी हवी आहे. पहिल्या घराला 50 लाखांपर्यंत मुद्रांक शुल्क 2 टक्के, आणि जी तूट येईल ती तिसऱ्या घरापासून पुढच्या खरेदीवर लावा. येत्या हिवाळी अधिवेशनात विधानभवनात मांडा. मानेवाड्यापासून विधानभवन लांब नाही, मी गॅलरीत येऊन बसते.