२०० रुपयांत ब्रेकचा आवाज बंद? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

दादा, तुमची कमेंट काल रात्री दोनदा वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातला एक मुद्दा मला खरंच लागला आणि तो बरोबर आहे. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो, मित्राच्या दोन सीटच्या जुन्या जर्मन स्पोर्ट्स कारच्या ब्रेकचा चीं आवाज कसा घालवला ते मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं, आणि दादांचं म्हणणं असं की तीन दिवस गाडी घोडीवर ठेवून मी नुसता वेळ घालवला, त्यांचा फिटर २०० रुपयांत पॅडला (ब्रेक मारल्यावर डिस्कला दाबून चाक थांबवणाऱ्या पट्टीला) पॉलिश पेपर मारतो, वर जरा ऑइल लावतो आणि आवाज बंद, त्यांनी स्वतःच्या गाडीला गेल्या महिन्यात तेच केलंय. शिवाय ब्रेक ऑइल बदलायला सांगणं म्हणजे पैसे काढायचं काम, आणि "चीं आवाज आला म्हणून घाबरू नका" असं लिहून मी लोकांचा जीव धोक्यात घालतोय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. चूक माझी आहे. मी ते वाक्य त्या एका गाडीपुरतं लिहिलं होतं पण वाचणारा आपल्या गाडीला लावणार हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. आपल्या रोजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये पॅडला पत्र्याची एक बारीक जीभ असते, पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती जीभ डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, घासते आणि मुद्दाम चीं आवाज करते, म्हणजे गाडीच सांगत असते की पॅड बदल. मित्राच्या गाडीत ती जीभ नाही, पॅडमध्ये वायर आहे, पॅड झिजला की वायर घासून तुटते आणि मीटरवर दिवा लागतो. म्हणून तिथं आवाजाचं कारण दुसरं होतं हे मला माहीत होतं, वाचणाऱ्याला कसं माहीत असणार? पोस्टमध्ये दुरुस्ती केलीय, सगळ्यात वर टाकलीय. आणि चीं नाही तर खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखं येत असेल तर गाडी तिथंच थांबवा, उद्यावर टाकू नका.

आता बाकीचं, इथं मात्र मी मागं सरत नाही.

चीं आवाज म्हणजे थरथर आहे हो. पॅड डिस्कवर एकसारखा घसरत नाही, क्षणभर धरतो, सुटतो, परत धरतो, आणि हे सेकंदाला हजारच्या वर कितीतरी वेळा होतं, मग पॅड, त्याला धरणारा कॅलिपर, डिस्क सगळे त्या सुरात लागतात. शाळेत फळ्यावर खडू कधीकधी अंगावर काटा येईल असा वाजायचा बघा, आणि आमचे सर काय करायचे, खडूचे दोन तुकडे करायचे, की आवाज गायब. फळा तोच, हात तोच, फक्त खडूची लांबी बदलली की थरथर बदलली. ब्रेकचंही तसंच आहे, थरथर कुठं जन्माला येते आणि तिला अडवायला काय होतं जे आता नाही, एवढंच शोधायचं असतं.

आणि ते शोधायलाच पहिला दिवस गेला. मित्राचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, तिथं कंपाउंडच्या भिंतीलगत काचा खाली करून आम्ही गाडी हळूहळू पुढं-मागं केली, भिंतीवरून आवाज परत येतो त्यामुळं कुठल्या चाकाचा ते कळतं. मला दोन्ही बाजूंनी येतोय असं वाटत होतं. मित्राचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, उभी हयात यंत्रमागावर गेलेली, शंभर माग चालू असताना कुठल्या मागाचा आवाज बदलला ते बसल्या जागी सांगणारा माणूस, ते बाहेर येऊन उभे राहिले, दोन फेऱ्या ऐकल्या आणि म्हणाले डावं पुढचं, अन् पुढं जाताना जास्त, मागं घेताना नाहीच. चाक काढलं तर तेच. पॅड ज्या दोन पिनांवर सरकतात त्यांच्यावर काळा थर बसलेला, त्यात सुताची तुसं अडकून कडक झालेली, पॅड हातानं हलवून बघितला तर एका टोकाला अडकत होता, म्हणजे तो डिस्कवर सपाट बसतच नव्हता, पुढची कड आधी टेकत होती. आणि पाठीमागं हात घातला तर थरथर दाबणारी जी प्लेट पॅडच्या पाठीला असते, जिची क्लिप पॅड दाबणाऱ्या पिस्टनच्या पोकळीत अडकते ती, नव्हतीच! आधी कुणीतरी पॅड बदलताना जुनी प्लेट सहज सुटेना म्हणून उचकटून फेकून दिलेली असणार, कारण ती नसली तरी ब्रेक लागतो, कुणाला पत्ता लागत नाही.

वरून पॅड होते ट्रॅकवर पळवायचे, कडक मसाल्याचे. ते गरम झाल्यावरच नीट पकडतात. सात रस्ता ते आसरा चौक ३०-४० च्या स्पीडनं जाणाऱ्या गाडीत ते गरम होणार कधी? सोलापुरात मे महिन्यात ४२ डिग्री असलं तरी ती उष्णता त्या पॅडला काहीच नाही, त्यांना शंभर-दोनशेच्या पुढचा ताप लागतो. म्हणून साधे रस्त्याचे पॅड आणि नव्या प्लेटा मागवल्या, पुण्याहून यायला दीड दिवस लागला, तीन दिवसांचा हिशोब हा असा आहे, हातातलं काम अर्ध्या दिवसाचंच होतं. डिस्क बदलली नाही हेही लक्षात घ्या. कमीत कमी किती जाडी चालते ते डिस्कवरच कोरलेलं असतं, मोजली, भरपूर शिल्लक होती.

तुमच्या फिटरचा पॉलिश पेपर चुकीचा नाही. पॅड-डिस्कवर काचेसारखी चमक आली असेल तर ती त्यानं निघते, मीसुद्धा डिस्कवर १२० नंबरचा पेपर आडवातिडवा फिरवला. पण पिन जाम आणि प्लेट गायब असताना नुसता पेपर मारला तर थोड्या दिवसांत आवाज परत येणार, मग परत २००.

पॅडवर लावलेल्या ऑइलचं मात्र मी हात जोडून सांगतो. पॅड ते पिऊन घेतो, पुसून निघत नाही. आवाज बंद झाला कारण घर्षणच कमी झालं, आणि घर्षण म्हणजेच तर ब्रेक. एका चाकाला जास्त लागलं असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणार. पेस्ट लावायची ती पॅडच्या लोखंडी पाठीला, पातळ, आणि पिनांवर, रबराला चालणारीच. जो भाग डिस्कला टेकतो तिथं बोटाचा तेलकट ठसासुद्धा नको.

ब्रेक ऑइलचा चीं आवाजाशी संबंध नाही, हे तुमचं बरोबर, मी दोन्ही एकाच पॅरात लिहिल्यानं गोंधळ झाला. ब्रेक ऑइल म्हणजे पायाचा दाब चाकापर्यंत नेणारं तेल, ते बदललं कारण ते हवेतलं पाणी ओढतं. त्यातला डॉट ४ हा प्रकार नवीन असताना कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरल्यावर तीच हद्द १५५ वर येते. ही गाडी दर महिन्याला तुळजापूरला जाते, घाट उतरताना ऑइल उकळून वाफ झाली तर पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. आधी कधी बदललं होतं ते कुणालाच सांगता येईना, म्हणून बदललं.

नवे पॅड टाकल्यावर रविवारी पहाटे चिंचोळी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० वर असं दहा वेळा आणलं, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता फिरवून गार केलं. यानं पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. आता सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला अजून किंचित वाजते, रात्री डिस्कवर बारीक गंज धरतो त्याचं ते, नंतर गप्प.

दादा, राग सोडा आणि तेवढं एक करा. तुमच्या गाडीचे ते ऑइल लावलेले पॅड काढा, दोन्ही बाजूंचे एकदम बदला, डिस्कसुद्धा ब्रेक क्लीनरनं पुसून घ्या. तोवर गाडी पुणे हायवेला काढू नका. आणि पॅड निघाले की पाठीमागचा फोटो इथंच टाका, प्लेट आहे का नाही ते मी त्याच दिवशी बघून सांगतो.