‘८० हजारांच्या वर गेलात की चाइल्ड बेनिफिट बंद’ म्हणे!

कॅनडातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘नवीन आलेल्या कुटुंबांसाठी अत्यंत महत्त्वाचे’, त्याखाली जोडलेले हात आणि लाल दिवे. मजकूर असा : नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न ८० हजार डॉलरच्या वर गेलं की मुलांसाठी दरमहा येणारं कॅनडा चाइल्ड बेनिफिट बंद होतं, म्हणून बायकोने पार्ट-टाइम नोकरी धरू नये, ‘सरकारसाठी फुकट राबणं’ होईल. शिवाय, उत्पन्न घटलं तर फोन करा, पुढच्या महिन्यापासून रक्कम वाढते. भारतातलं भाडं आणि एफडीचं व्याज दाखवायची गरज नाही. कमाई नसलेल्या जोडीदाराने टॅक्स रिटर्न भरायची गरज नाही. नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला असेल तर वेगळे झालो म्हणून कळवा, जास्त पैसे मिळतील. आणि आरआरएसपीत, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचतखात्यात, पैसे टाका, बेनिफिट वाढेल.

असली पत्रकं मी एरवी बघून सोडून देते. पण ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने हे वाचून हातात आलेली नोकरी नाकारली. दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, आठवड्याला वीस तास, वर्षाला वीसेक हजार डॉलर. ‘‘अगं, मुलांचे पैसे बंद झाले तर?’’ म्हणाली. मुलांचे पैसे कसे मोजतात हे सीआरएच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, वेबसाइटवर उघड लिहिलंय. ते पान उघडायचे कष्ट मेसेज लिहिणाऱ्याने घेतले नाहीत आणि पुढे ढकलणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

तर ते ८० हजार. जुलै २०२५ ते जून २०२६ या बेनिफिट वर्षात सहा वर्षांखालच्या मुलासाठी जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर आणि ६ ते १७ वयाच्या मुलासाठी ६,७४८ डॉलर मिळतात. कुटुंबाचं निव्वळ उत्पन्न (रिटर्नमधल्या वजावटी जाऊन उरलेलं, कर कापून हातात येणारं नव्हे) ३७,४८७ डॉलरपर्यंत असेल तर पूर्ण रक्कम. त्यापुढे दोन मुलं असतील तर वरच्या प्रत्येक डॉलरमागे साडेतेरा सेंट कापले जातात. हे ८१,२२२ पर्यंत. आणि त्याच्यापुढे? कपातीचा दर उतरतो! साडेतेरावरून ५.७ सेंटवर येतो. म्हणजे ज्या आकड्याला हे महाशय ‘बंद’ म्हणतात, तिथून बेनिफिट उलट सावकाश कमी व्हायला लागतं. कुठल्यातरी तक्त्यात ८१ हजार दिसले आणि गडी तिथेच वाचायचा थांबला, एवढाच माझा अंदाज.

बहिणीचंच उदाहरण घेऊ. मुलं दोन, एक चार वर्षांचं, एक आठ. तिच्या नवऱ्याचं निव्वळ उत्पन्न ७०,००० धरा. पूर्ण रक्कम १४,७४५, त्यातून साधारण ४,३८९ वजा, म्हणजे वर्षाला सुमारे १०,३५६ डॉलर. आता तिचे २०,००० मिळवून घराचं उत्पन्न ९०,००० झालं. पहिल्या टप्प्याची कपात ५,९०४, दुसऱ्याची सुमारे ५००. उरतात ८,३४० च्या आसपास. वीस हजार कमावले, बेनिफिट दोन हजारांनी घटलं. महिन्याला १६८ डॉलर. या हिशोबाने दोन मुलांचं बेनिफिट पूर्ण शून्य व्हायला घराचं उत्पन्न २ लाख ३६ हजारांच्या पुढे जावं लागेल. ८० हजार कुठे, २ लाख ३६ हजार कुठे!

आणि ही घटही लगेच होत नाही. एका वर्षाच्या कमाईचं रिटर्न पुढच्या एप्रिलमध्ये भरलं जातं आणि त्यावरून जुलैपासूनची रक्कम ठरते. २०२६ च्या जानेवारीत नोकरी सुरू केली असती, तर तिचा परिणाम जुलै २०२७ मध्ये दिसला असता. तोवर बहिणीच्या पगारापायी बेनिफिटला धक्का लागला नसता.

आता मान्य करावं लागेल असं थोडं. बायको कमावती झाली की तिच्यासाठी नवऱ्याला मिळणारी करसवलत जाते, आणि वीस हजारांवर ती पूर्णच जाते. फेडरल आणि ओंटारिओ मिळून तीन हजारांच्या आसपास. तिच्या पगारातून सीपीपी (सरकारी पेन्शन) आणि ईआयचे (बेरोजगारी विम्याचे) हप्ते कापले जातात, धाकट्याचं डे-केअर आलंच. हे सगळं धरून हिशोब करावा, जरूर करावा. डे-केअर सोडून बाकीची कात्री लावली तरी निम्म्याहून बरेच जास्त पैसे घरात येतात, आणि सीपीपी म्हणजे तर तिच्याच नावावरचं पेन्शन. पन्नासेक हजारांच्या उत्पन्नावर परिस्थिती जास्त कठीण, हेही खरं. तिथे चाइल्ड बेनिफिटबरोबर ओंटारिओचं चाइल्ड बेनिफिट आणि जीएसटी क्रेडिटही (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी रक्कम) एकाच वेळी घटत असतं, त्यामुळे ओव्हरटाइमच्या डॉलरमधले पंचवीसेक सेंट नुसत्या कपातीतच जातात, कर वेगळा. तक्रार करायची तर याची करा. पण ‘बंद होतं’ हे कुठल्याच कोष्टकात बसत नाही.

गंमत म्हणजे या पत्रकात नवऱ्याने ओव्हरटाइम करू नये असं कुठे लिहिलेलं नाही. कपात घराच्या एकत्रित उत्पन्नावर होते, डॉलर कोणाच्या पगारातून आला हे सूत्र विचारत नाही. घरी बसायचा सल्ला मात्र फक्त बायकांना.

उत्पन्न घटल्यावर फोन करा म्हणणं तर क्रूर आहे. नोकरी गेलेला माणूस पुढच्या महिन्याची वाट बघत बसेल आणि रक्कम तीच येईल, कारण ती गेल्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरलेली असते. मध्येच बदलते ती लग्न, घटस्फोट, मूल जन्मणं, ताबा बदलणं, मुलाला सहा वर्षं पूर्ण होणं अशा कारणांनी.

आणि ते ‘वेगळे झालो म्हणा’. हा सरळसरळ खोटं बोलायचा सल्ला आहे. सीआरएच्या लेखी वेगळं होणं म्हणजे नातं तुटल्यामुळे किमान ९० दिवस वेगळं राहणं. नवरा कामासाठी दूर अल्बर्टात फोर्ट मॅकमरीला राहतो म्हणून कोणी विभक्त ठरत नाही. तपासणीत भाडेकरार मागतात, शाळेची पत्रं मागतात, आणि खोटं निघालं की दिलेले पैसे परत मागतात, पुढचे हप्ते वळते करून घेतात. ज्यांची पीआरची, म्हणजे कायम रहिवासाची, फाइल अजून हलतेय, त्यांना एका सरकारी खात्यात ‘विभक्त’ आणि दुसऱ्यात ‘सुखाने एकत्र’ असं लिहायला सांगणारा माणूस कोण आहे, मला खरंच बघायचंय.

भारतातलं उत्पन्न : कॅनडाचा कर-रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न दाखवायचं, ठाण्याच्या फ्लॅटचं भाडंसुद्धा. नवीन आलेल्यांना तर येण्याआधीच्या कमाईचाही फॉर्म भरावा लागतो. जोडीदार अजून भारतातच असेल तरी त्याचं उत्पन्न धरलं जातं.

रिटर्न : दोघांनीही भरायचं, दरवर्षी, कमाई शून्य असली तरी. एकाने नाही भरलं तर जुलैत पैसे यायचे थांबतात. गंमत बघा, बेनिफिट खरोखर थांबवणारी गोष्ट हीच, आणि पत्रक नेमकी तीच करायला सांगतंय.

राहिलं आरआरएसपी. ते मात्र बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. आरआरएसपीतली रक्कम निव्वळ उत्पन्नातून वजा होते. ७० हजारवाल्या घराने ५,००० टाकले तर पुढच्या जुलैपासून वर्षभरात ६७५ डॉलर बेनिफिट जास्त, करात बचत वेगळी. टीएफएसएत (करमुक्त बचतखात्यात) टाकलेल्या पैशांनी यातलं काहीच होत नाही, हे मात्र त्यात लिहिलेलं नाही.