गव्हाणीत कापूस नको

आमच्या मराठवाड्यात गव्हाण म्हटलं की आधी गोठा डोळ्यांपुढं येतो, बैलांना वैरण टाकायची जागा. दुसरी गव्हाण साखर कारखान्यातली. तिच्यात उसाची मोळी पडली की हंगाम सुरू. तोवर बीडकडची माणसं कोयते, भांडी आणि लेकरं घेऊन घराबाहेर पडलेली असतात. आम्हा ख्रिस्ती माणसांची तिसरी गव्हाण बेथलेहेमची. माझ्या मनात या तिन्ही एक झाल्या, ते सांगते.

मी नर्स. बऱ्याच वर्षांपूर्वी डिसेंबरात अंबड तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, लसीकरणाला गेले होते. एका कोपीत चार दिवसांचं बाळ निजलं होतं. खाली वाढे पसरलेले, वर जुन्या लुगड्याची घडी. वाढे म्हणजे उसाचे शेंडे, बैलांची वैरण. आई पाटोद्याकडची. म्हणाली, "खाली लई गार लागायलंय सिस्टर, म्हणून वाढं टाकलं." नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची होती, म्हणून दोन दिवसांनी ती पुन्हा उसाच्या फडात जाणार होती. मी नाळ पाहिली, वजन घेतलं आणि तिथंच थांबले. "तिनं त्याला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती." बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं, येशूच्या जन्माचं हे वाक्य मला रविवारच्या शाळेपासून पाठ. त्या दिवशी ते पहिल्यांदा दिसलं.

येशूची आई मरीया आणि योसेफही कुणाच्या तरी हुकुमावरूनच निघाले होते. रोमी सम्राट कैसर औगुस्तानं नावनोंदणीचा हुकूम काढला आणि दिवस भरत आलेल्या बाईला नासरेथहून बेथलेहेमला जावं लागलं. वाट सुमारे दीडशे किलोमीटरची. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचं घर. देवदूतानं पहिली बातमी दिली ती रात्री उघड्यावर मेंढरं राखणाऱ्यांना. राजवाड्यात ती नंतर पोचली, आणि हेरोद राजानं लेकरं मारायला माणसं पाठवली. त्याआधीच या घराला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळावं लागलं होतं. नाताळच्या गाण्यांत हा भाग फारसा येत नाही, पण तो गाळून नाताळ समजत नाही असं माझं ठाम मत आहे.

शेजारच्या काकू दरवर्षी करंज्या देताना विचारतात, "म्हणजे अवतारच ना गं?" प्रेमानं विचारतात, म्हणून मीही जपून सांगते. आमच्या श्रद्धेत हे एकदाच घडलं. देवानं माणसाचं नुसतं रूप घेतलं नाही, तो माणूसच झाला. त्याला भूक लागली, थंडी वाजली, पुढं मरणही आलं. पहिल्या शतकांत काहीजण म्हणत, ख्रिस्त फक्त माणसासारखा भासला. मंडळीनं, म्हणजे चर्चनं, ते मानलं नाही. ४५१ साली खाल्सेदोनच्या धर्मपरिषदेत स्पष्ट सांगितलं गेलं, खरा देव आणि खरा माणूस. प्रेषित पौल फिलिप्पैकरांस पत्रात लिहितो की ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं. माझ्यासाठी नाताळ या 'रिक्त' शब्दात आहे. ज्यानं सगळं निर्माण केलं, त्याला मान धरायलाही आईचा हात लागला. तो वरून मदत पाठवून थांबला नाही. योहानाच्या शुभवर्तमानात म्हटलंय, शब्द देही झाला आणि त्यानं आमच्यामध्ये वस्ती केली. मूळ ग्रीक शब्दात तंबू ठोकून राहण्याचा अर्थ आहे. मी तो शब्द 'कोपी घातली' असाच वाचते.

चांदण्या लावा, फराळ करा, पोरांना नवे कपडे घ्या. माझ्याही घरी हे सगळं होतं. पण चर्चमधल्या देखाव्यात थर्माकोलची गव्हाण आणि तिच्यात पांढराशुभ्र कापूस पाहिला की मला राहवत नाही. यंदा पाळकसाहेबांना विचारून मी कापूस काढला आणि एका शेतकऱ्याकडून भारा आणून वाढे पसरले. सगळ्या चर्चभर उसाचा ओला वास पसरला. रविवारच्या शाळेतली एक पोरगी पात्यावरून बोट फिरवून म्हणाली, "आंटी, हे बाळाला टोचत असेल ना?"

म्हटलं, "हो गं, टोचत असेल."