ट्रान्सपरंट क्लॉक म्हणजे 'साधा स्विच' म्हणे!

पीटीपी म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत: मास्टर घड्याळ वेळेची पॅकेटं पाठवतं, आणि वाटेतला ट्रान्सपरंट क्लॉक, म्हणजे एक खास स्विच, पॅकेट आपल्यात किती थांबलं ते त्यावरच लिहितो. त्यावरून नेटवर्कवाल्यांच्यात एक दावा लय फिरतोय: "पीटीपीचा ट्रान्सपरंट क्लॉक हा साधा स्विचच, पॅकेट आत किती वेळ थांबलं तेवढंच लिहितो, राउटर पण टीटीएल (पॅकेटने अजून किती टप्पे जायचं तो आकडा) बदलतोच की, लेयरिंगची (खालच्या थराने वरच्या थराच्या डेटात हात घालू नये, या नियमाची) रड पुस्तकातली, आणि तसाही दुसरा मार्ग नाही."

उपयोगाबद्दल वादच नाही हो. 1 जीबीपीएसच्या पोर्टवर पुढे 1500 बाइटची एकच फ्रेम आली तरी टायमिंग पॅकेट 12 मायक्रोसेकंद अडकतं आणि वीज सबस्टेशनात सगळा खेळ 1 मायक्रोसेकंदाचा, म्हणून पीटीपीच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे 2008च्या आयईईई 1588मध्ये, हा प्रकार आला ते बरंच झालं.

पण टीटीएलची तुलना साफ चुकीची. टीटीएल आयपी हेडरमधलं, राउटर आयपीचाच माणूस, त्याने आपल्याच घरातली वस्तू हलवली. इथे मॅक ऍड्रेस बघून फ्रेम पुढे ढकलणारा लेयर 2 स्विच यूडीपी पोर्ट 319 (पीटीपीच्या टायमिंग मेसेजचा पोर्ट) ओळखून थेट पेलोडमध्ये, म्हणजे आतल्या मजकुरात, हात घालतो, करेक्शनफील्ड (थांबलेला वेळ लिहायची जागा) बदलतो, आणि पाठवणाऱ्याचा ऍड्रेस मात्र जुनाच ठेवतो. खाडाखोड याची, नाव मास्टरचं!

"तेवढंच लिहितो"? मग चेकसमचं, म्हणजे पॅकेट बिघडलं का ते तपासायच्या यूडीपीतल्या बेरजेचं, काय? आयपीव्ही4वर तो शून्य ठेवून सुटता येतं, आयपीव्ही6वर नाही, आणि वन-स्टेपमध्ये (वेळ मागून वेगळ्या मेसेजने न पाठवता त्याच पॅकेटमध्ये लिहितात तो प्रकार) आकडा पॅकेट बाहेर पडतापडता लिहायचा असतो तेव्हा यूडीपी हेडर चेकसमसकट वायरवर गेलेलं असतं, म्हणून मेसेजच्या शेपटाला 2 बाइट जास्तीचे लावलेत, ते फिरवून बेरीज जुळवायची. भारी जुगाड आहे, मान्य, पण खालच्याच्या सोयीसाठी वरच्याने पॅकेट वाढवलं ना? शिवाय एफसीएस (इथरनेट फ्रेमचा स्वतःचा तपासणीचा आकडा) स्विच नव्याने काढतात, म्हणजे स्विचच्या मेमरीत एखादा बिट पलटला आणि चेकसम शून्य असेल तर खराब पॅकेटवर एकदम ओके शिक्का.

सिक्युरिटीत तर खरी गोची. मॅकसेक (इथरनेट लिंकवरचं एन्क्रिप्शन) चालतं कारण ते प्रत्येक हॉपला, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला, उघडतं, पण एन्ड टू एन्ड आयपीसेक (आयपी पॅकेटचं टोकापासून टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन) लावलं की स्विचला आतलं दिसतच नाही, तो गपचूप खरंच साधा स्विच होतो. 2019च्या आवृत्तीत ऑथेंटिकेशन आलं, पण एकतर वाटेतल्या प्रत्येक डब्याला सहीची की (किल्ली) द्या, नाहीतर करेक्शनफील्ड सहीतून वगळा. आता वेळ ज्या आकड्यावर ठरते तोच बिनसहीचा!

आणि दुसरा मार्ग नाही म्हणे. 802.1एएस (पीटीपीवरच बेतलेलं आयईईईचं दुसरं स्टँडर्ड) बघा ना, तिथे प्रत्येक ब्रिज आलेला मेसेज स्वतःपाशी संपवतो, थांबलेल्या वेळेचा तोच हिशोब करतो आणि नवीन मेसेज स्वतःच्या मॅक ऍड्रेसने पाठवतो.