ड्रायरच्या तक्रारीबद्दल आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आमच्या व्यवस्थापनाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी काल रात्री वाचला आणि आज सकाळी आपल्या घराच्या दुरुस्तीच्या नोंदी काढून तो त्यांच्याशी ताडून पाहिला. न्यू जर्सीतल्या एडिसनमधील ज्या टाउनहाउसमध्ये आपण भाड्याने राहता, तेथील गॅसवर चालणारा ड्रायर पाच आठवडे कपडे नीट वाळवत नव्हता. पहिला टेक्निशियन ‘कपडे जास्त भरता’ एवढेच सांगून निघून गेला आणि त्या भेटीचे 145 डॉलर आम्ही आपल्या खात्यावर टाकले. जळका वास येतो म्हणून आपण फोन केला, तेव्हा आमच्या कार्यालयाने पोर्टलवर विनंती नोंदवायला सांगितले. शेवटी नाइलाजाने बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घातले, तर वसाहतीच्या संघटनेने आपल्याला 50 डॉलर दंड केला. आपण लिहिलेल्या या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. गॅसचा ड्रायर मुळातच धोकादायक असतो आणि त्याच्या जागी एका दिवसात विजेचा बसवता आला असता, या आपल्या मताशी मात्र मी सहमत नाही. त्याची कारणेही पुढे देतो. आपण मराठीत लिहिलेत म्हणून उत्तरही मराठीत देत आहे. या भागात भाड्याने राहणाऱ्या इतर कुटुंबांनाही त्यातले काही उपयोगी पडेल.

आधी जळक्या वासाविषयी लिहितो, कारण आमच्या सगळ्या चुकांमध्ये ती सर्वांत गंभीर होती. ड्रायरमधून जळका वास येत असेल तर तो तत्काळ बंद करून पुन्हा लावू नये, आणि वास कुजक्या अंड्यासारखा असेल तर तो गॅसचा समजून, दिव्याच्या बटणालाही हात न लावता, सर्वांनी घराबाहेर पडून बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करावा, एवढे आमच्या माणसाने आपल्याला त्या क्षणी सांगायला हवे होते. आपल्या घरी गॅसची गळती नव्हती, ड्रायरच्या आत साठलेले कपड्यांचे तंतू तापून करपत होते. पण फोनवर बोलणाऱ्याला ते कळणे शक्य नव्हते आणि ‘पोर्टलवर नोंदवा’ हे उत्तर दोन्ही परिस्थितींत चुकीचेच होते. या सूचना आता फोनशेजारी लिहून लावल्या आहेत आणि वासाची तक्रार आली की रात्र असो वा रविवार, ती थेट माझ्याकडे येते.

आता पाच आठवडे का लागले ते सांगतो. गॅसच्या ड्रायरमध्ये आधी एक लहानशी कांडी तापून लाल होते, मग विजेच्या गुंडाळ्या गॅसची झडप उघडतात आणि ज्योत पेटते. या गुंडाळ्या जुन्या झाल्या की थंड असताना व्यवस्थित काम करतात, पण दहा-पंधरा मिनिटांत तापल्या की झडप उघडेनाशी होते. कांडी लाल होते आणि विझते, ज्योत येत नाही, कपड्यांचे पिंप मात्र फिरतच राहते. पहिल्या टेक्निशियनने रिकामे यंत्र चार मिनिटे चालवले, हाताला ऊब लागली आणि त्याने दोष आपल्या कपड्यांवर ढकलला. आपण त्याला ‘सुरुवातीला गरम होतो, नंतर होत नाही’ असे सांगितल्याची नोंद त्याच्याच कागदावर आहे. ते एक वाक्य त्याने मनावर घेतले असते, तर गुंडाळ्या त्याच दिवशी बदलल्या गेल्या असत्या. त्या बदलायला आम्हाला तिसरा आठवडा उजाडला.

आणि त्यानंतरही कपडे एका फेरीत वाळेनात, कारण खरे दुखणे भिंतीच्या आत होते. ड्रायर कपड्यांतले पाणी गरम हवेबरोबर घराबाहेर फेकतो. ती हवा भिंतीतल्या नळीतून बाहेर गेलीच नाही तर ज्योत कितीही चांगली असली तरी उपयोग नसतो. यंत्र आतून जास्त तापते, तापमान नियंत्रक ज्योत पुन्हा पुन्हा बंद करतो आणि कपडे ओलेच राहतात. निवासी बांधकामाच्या प्रचलित संहितेप्रमाणे, ड्रायर बनवणाऱ्याने वेगळी मर्यादा दिली नसेल तर, या चार इंची नळीची लांबी 35 फुटांपर्यंतच असावी आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून पाच फूट वजा धरावेत. आपल्या घरात लॉन्ड्रीची जागा माडीच्या मधोमध आहे. तेथून बाहेरच्या भिंतीपर्यंत नळी 26 फूट आहे आणि तिला तीन वळणे आहेत, म्हणजे परवानगी 20 फुटांची आणि नळी सहा फूट जास्त. त्यातच ड्रायर मागे सरकवताना आमच्याच माणसांनी त्यामागची लवचीक नळी चेपली होती. बाहेरच्या तोंडाला कोणीतरी पक्षी येऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावली होती, जी तेथे असताच कामा नये, आणि तिच्यावर ओल्या तंतूंचा घोंगडीसारखा थर बसला होता. यांपैकी एकही गोष्ट भाडेकरूच्या नजरेस पडण्यासारखी नाही. दर फेरीनंतर आपण ड्रायरमधली तंतू अडवणारी गाळणी साफ करत होता हे तिसऱ्या टेक्निशियनने स्वतः पाहिले.

हा विषय केवळ गैरसोयीचा नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या 2008 ते 2010 या काळाच्या अहवालात निवासी इमारतींमध्ये ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे 2,900 आगी, 5 मृत्यू आणि 100 जखमी असा अंदाज दिला होता, आणि स्वच्छता न राखणे हे त्यामागचे पहिले कारण, 34 टक्के आगींमध्ये, नोंदवले होते. गॅसच्या ड्रायरची नळी तुंबली किंवा निसटली, तर जळालेल्या गॅसचा धूर आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो, ज्याला वास नसतो. आपल्या घरातले दोन्ही अलार्म आम्ही मागच्या आठवड्यात तपासले आहेत.

पैशांविषयी मला फार लिहायचे नाही. 145 डॉलर परत केले आहेत आणि संघटनेचा 50 डॉलरचा दंडही आम्ही भरला आहे, कारण तो आमच्या दिरंगाईमुळे झाला. ते पैसे डिपॉझिटमधून कापू, असा ईमेल आपल्याला गेला होता. तो पाठवायलाच नको होता. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार भाडेकरू घरात राहत असताना डिपॉझिटमधून काहीही कापता येत नाही, आणि घर सोडल्यावरही नेहमीच्या वापराने झालेली झीज त्यातून वसूल करता येत नाही. त्या ईमेलबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

आता मतभेदाचा मुद्दा. विजेच्या ड्रायरला 240 व्होल्टची, 30 अँपिअरची स्वतंत्र जोडणी लागते. आपल्या घरात ती नाही. गॅसच्या ड्रायरसाठी तेथे साधे 120 व्होल्टचे सॉकेट आहे. नवी जोडणी म्हणजे परवाना, परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणि तपासणी, आणि हे एका दिवसात उरकण्याचे काम नाही. शिवाय तीच नळी कायम ठेवली असती, तर विजेचा ड्रायरही तसाच तापला असता. अशा वेळी त्यातील उष्णतेने वितळणारा फ्यूज जातो आणि तो बदलल्याशिवाय यंत्र गरम होत नाही. आमच्या दुसऱ्या एका घरात एकाच हिवाळ्यात असा फ्यूज तीनदा बदलला, तेव्हा कुठे नळी तपासायचे आम्हाला सुचले. विजेच्या ड्रायरची आणखी एक नेहमीची तक्रार म्हणजे पिंप फिरते पण ऊब येत नाही. मोटार 120 व्होल्टवर चालते आणि तापणारी तार 240 वर, त्यामुळे दुहेरी ब्रेकरचा एकच भाग पडला तरी असे होते. टेक्निशियनला बोलावण्याआधी तो ब्रेकर पूर्ण बंद करून एकदा पुन्हा चालू करून पाहावा, आणि तो परत पडला तर हात लावू नये. जे भाडेकरू आपला ड्रायर बरोबर आणतात त्यांनाही सांगतो, की जुन्या घरांत तीन खाचांचे सॉकेट असते आणि 1996 च्या राष्ट्रीय विद्युत संहितेपासून नव्या जोडणीला चार खाचांचे लागते. प्लग जुळत नसेल तर ड्रायरची केबल आणि त्याबरोबर आतली अर्थिंगची जोडणीही बदलावी लागते, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

भाडेकरूंकडून आमची अपेक्षा थोडीच आहे. गाळणी दर फेरीनंतर साफ करावी. सुगंधी ड्रायर शीट वापरत असाल तर गाळणी महिन्यातून एकदा कोमट पाण्याने धुवावी, कारण त्या शीटचा पातळ थर जाळीवर बसून हवा अडवतो. पिंपातल्या ओलावा मोजणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्यांवरही तो बसतो आणि मग स्वयंचलित फेरी कपडे ओले असतानाच थांबते. आपल्याकडच्या घरांत दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी लागते. बाळाच्या मालिशचे किंवा अभ्यंगस्नानाचे तेल मुरलेले पंचे, तसेच तेलकट पुसणी, धुतल्यानंतरही ड्रायरमध्ये घालू नयेत. तंतूंत उरलेले तेल उष्णतेने स्वतःहून तापत जाऊन पेट घेऊ शकते. आणि सुती गोधडी इतके पाणी धरून ठेवते की ती घरातल्या ड्रायरमध्ये वाळतच नाही. ती मोठ्या यंत्रांच्या सार्वजनिक लॉन्ड्रीत न्यावी. नळी, बाहेरचे तोंड आणि यंत्राचे अंतरंग यांची जबाबदारी सर्वस्वी आमची आहे, आणि आता आमच्याकडच्या प्रत्येक घरात वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्यापूर्वी, नळी साफ करून बाहेरच्या तोंडाशी हवेचा झोत मोजला जाईल.

आपल्या घरातली चेपलेली नळी बदलली आहे, बाहेरची जाळी काढली आहे आणि परवा आपल्यासमोर घेतलेल्या चाचणीत मध्यम भार 50 मिनिटांत वाळला. नळी जवळच्या भिंतीतून, एकाच वळणाने बाहेर काढण्याचे काम मात्र अजून बाकी आहे, कारण बाहेरच्या भिंतीला छिद्र पाडण्यासाठी वसाहतीच्या संघटनेची परवानगी लागते. अर्ज दिलेला आहे. परवानगी मिळेपर्यंत आम्ही दर महिन्याला येऊन नळी तपासू. त्याआधी एखादी फेरी तासापेक्षा जास्त वेळ घेऊ लागली, तर कृपया पोर्टलवर न नोंदवता मला थेट फोन करावा.

कळावे,
व्यवस्थापनाच्या वतीने, मालक